ॲप्ट पॅकेज मॅनेजर: 'वाय' दाबण्याआधीची यादी

डेबियन, उबंटू किंवा मिंट या लिनक्स सिस्टिम वापरणाऱ्याने ॲप्ट, म्हणजे पॅकेजं (प्रोग्रामच्या फाइलींचे गठ्ठे) बसवणारं-काढणारं साधन, मुद्दाम निवडलेलं नसतं. घरात आधीपासून बसवलेल्या नळासारखं ते सोबत येतं आणि ते कसं आहे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. गळायला लागलं की सापडेल ती कमांड चिकटवायची आणि पुढे जायचं, एवढाच संबंध. तरी त्याच्याकडे उत्पादन म्हणून नीट बघायला हवं. सिस्टिमवरची बहुतेक प्रत्येक फाइल त्याच्या हातून आलेली असते आणि ते रूट या सर्वाधिकारी युजरच्या अधिकारांनी काम करतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. ॲप्ट वेगात मागे आहे, चूक झाल्यावर काय झालं ते समजावून सांगण्यात कच्चं आहे, आणि आज बहुतेकांच्या मशीनवर असलेल्या आवृत्त्यांत केलेलं काम उलटवायची सोय नाही. पण हात लावण्याआधी काय काय करणार याची पूर्ण यादी ते पुढ्यात ठेवतं, आणि त्या यादीत लपवाछपवी नसते. 'ॲप्टने सिस्टिम मोडली' या तक्रारीमागे बहुधा न वाचता दाबलेलं 'वाय' (होय) असतं.

इथे ॲप्टच्या तीन आवृत्त्या धरल्या आहेत: डेबियन १२ मधली २.६, उबंटू २४.०४ मधली २.७ आणि डेबियन १३ मधली ३.०. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

खाली डीपीकेजी, वर ॲप्ट

ॲप्ट स्वतः एकही फाइल जागेवर ठेवत नाही. ते काम डीपीकेजीचं, आणि डीपीकेजी १९९४ पासूनचं आहे. ॲप्ट १९९८ मध्ये आलं आणि १९९९ च्या डेबियन २.१ पासून सिस्टिमचा भाग झालं. कोणतं पॅकेज कुठून आणायचं, त्याला आणखी काय काय लागतं, कोणत्या क्रमाने बसवायचं, हे ॲप्ट ठरवतं. उघडणं, फाइली पसरवणं आणि पॅकेजसोबत आलेल्या स्क्रिप्ट चालवणं डीपीकेजी करतं. हा फरक डोक्यात असला की अर्ध्या चुका लगेच ओळखू येतात. 'ई:' (३.० मध्ये 'एरर:') ने सुरू होणारी ओळ ॲप्टची, 'डीपीकेजी: एरर' ने सुरू होणारी खालच्या थराची.

डेब फाइल, म्हणजे पॅकेजची फाइल, हा 'एआर' प्रकारचा साधा गठ्ठा असतो आणि त्यात तीन गोष्टी असतात: स्वरूपाचा क्रमांक (२.०) लिहिलेली एक छोटी फाइल, माहिती आणि स्क्रिप्ट असलेला कंट्रोल-टार, आणि खऱ्या फाइली असलेला डेटा-टार. त्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात. कुठूनही उतरवलेली डेब फाइल बसवणं म्हणजे अनोळखी माणसाला रूटचा पासवर्ड देण्यासारखं आहे, ते यामुळे. शिवाय हाताने उतरवलेल्या सुट्या डेब फाइलची सही ॲप्ट तपासत नाही. सही असते ती रिपॉझिटरीच्या (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याच्या) 'रिलीज' फाइलवर. त्या फाइलीत पॅकेजांच्या सूच्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) असतात आणि सूच्यांत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. साखळी तिथूनच सुरू होते, त्यामुळे साखळीबाहेरून आलेल्या फाइलला कुणाचाच जामीन नसतो.

तरीही सुटी डेब फाइल बसवायचीच असेल तर 'डीपीकेजी -आय' ऐवजी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब' वापरा. सुरुवातीचं टिंब आणि तिरकी रेघ गाळू नका. ती नसेल तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रिपॉझिटरीत शोधत बसतं आणि 'अनेबल टू लोकेट पॅकेज' म्हणून मोकळं होतं. डीपीकेजी डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणारी इतर पॅकेजं, आणून देत नाही. पॅकेज अर्धवट अवस्थेत सोडतं आणि मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' करत बसावं लागतं. फाइल होम फोल्डरमध्ये असेल तर शेवटी 'डाउनलोड इज परफॉर्म्ड अनसँडबॉक्स्ड' अशी एक सूचना येते. ती चूक नव्हे. ॲप्ट डाउनलोडसाठी '_ॲप्ट' नावाचा कमी अधिकारांचा युजर वापरतं आणि त्याला तुमच्या होममध्ये शिरता आलं नाही, इतकाच तिचा अर्थ.

अपडेट, अपग्रेड, फुल-अपग्रेड

'अपडेट' फक्त सूच्या ताज्या करतं, एकही प्रोग्राम बदलत नाही. सूच्या /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मध्ये उतरतात. 'अपग्रेड' बसवलेली पॅकेजं पुढच्या आवृत्तीवर नेतं, गरज पडली तर नवीन पॅकेज आणतं, पण काहीही काढत नाही. 'फुल-अपग्रेड' काढूही शकतं. जुन्या 'ॲप्ट-गेट अपग्रेड'मध्ये नवीन पॅकेजही येत नाही. त्यामुळे नव्या कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) पॅकेज तिथे अडकून राहतं आणि लोक गोंधळतात.

'केप्ट बॅक' ही ओळ दिसली की लगेच फुल-अपग्रेड ठोकणं ही सर्वात जास्त पसरलेली वाईट सवय. उबंटूवर अपडेट टप्प्याटप्प्याने सोडले जातात आणि २१.०४ पासून ॲप्टही ते टप्पे पाळतं: आधी थोड्या मशीनना, तक्रारी आल्या नाहीत तर पुढच्यांना. तुमचं मशीन अजून त्या टप्प्यात नसेल तर पॅकेज मागे ठेवलेलं दिसतं. नव्या आवृत्त्या कारण म्हणून 'फेझिंग' असं स्पष्ट लिहितात. काही दिवसांत ते आपोआप सुटतं. फेझिंगचा उल्लेख नसेल तरच पुढचं तपासा: 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ने कुणी ते धरून ठेवलंय का ते पाहा, नसेल तर 'ॲप्ट -एस फुल-अपग्रेड' ने सराव करून काय निघणार ते बघा. '-एस' ला सुडोची गरज नाही आणि त्याने काहीही बदलत नाही.

ती यादी, जवळून

'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' नंतर नाव लिहून एंटर दाबलं की डाउनलोडच्या आधी हा मजकूर येतो. कधी तीन ओळींचा, कधी तीस. त्यात क्रमाने बसणारी पॅकेजं, सुचवलेली पॅकेजं, काढली जाणारी पॅकेजं आणि शेवटी आकड्यांची ओळ: '० अपग्रेडेड, ३ न्यूली इन्स्टॉल्ड, ० टू रिमूव्ह अँड १२ नॉट अपग्रेडेड'. त्याखाली किती डाउनलोड होणार आणि डिस्कवर किती जागा जाणार.

घाईत असाल तर फक्त तिसरा आकडा वाचा. एक साधा प्रोग्राम बसवताना 'टू रिमूव्ह' शून्य नसेल तर थांबायचं. वर जाऊन 'विल बी रिमूव्ह्ड' खालची नावं पाहायची. एखादी जुनी लायब्ररी निघून तिची नवी आवृत्ती येत असेल तर ठीक. 'डेस्कटॉप', 'सेशन', 'नेटवर्क-मॅनेजर' असले शब्द दिसले तर 'एन' दाबून बाहेर. २०२१ मध्ये एका गाजलेल्या व्हिडिओत गेमचं सॉफ्टवेअर बसवताना पॅकेजातल्या चुकीमुळे ॲप्टने अख्खा डेस्कटॉप काढायची तयारी दाखवली होती. इशारा आला, पूर्ण वाक्य टाइप करून होकार द्यायला सांगितलं, तो दिला गेला आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतर ॲप्टने ते वाक्य टाइप करून पुढे जायची वाटच बंद केली. आता अत्यावश्यक पॅकेज काढायचं तर '--अलाउ-रिमूव्ह-इसेन्शियल' हा पर्याय स्वतःहून लिहावा लागतो. बदल योग्य आहे. पण खाली जाणाऱ्या मजकुरात इशारा दाबून टाकण्याची मूळ चूक उत्पादनाचीच होती.

३.० मध्ये नेमकी तीच सुधारली आहे. नावं आता ओळीत ठासून न भरता स्तंभांत येतात, बसणारी हिरवी, निघणारी लाल. शेवटी 'समरी' म्हणून सुटसुटीत आकडे, आणि लागणाऱ्या जागेपुढेच उपलब्ध जागाही. /बूट वेगळं विभाजन असून भरत आलं असेल तर ते तिथेच कळतं. दहा वर्षं आधी करायला हवं होतं, पण केलं.

यादीतला दुसरा दुर्लक्षित भाग म्हणजे न मागितलेली पॅकेजं. ॲप्ट 'डिपेंड्स' बरोबर 'रेकमेंड्स'ही आपणहून बसवतं. 'सजेस्ट्स' फक्त सुचवतं. सर्व्हरवर एखादं छोटं साधन मागितलं आणि सोबत फॉन्ट, ध्वनीच्या लायब्रऱ्या असलं काही आलं तर दोष बहुधा रेकमेंड्सचा. '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून पुन्हा पाहा. कंटेनरची प्रतिमा तयार करताना हे लावावंच. डेस्कटॉपवर मात्र सरसकट लावू नका. छपाई चालत नाही, लघुचित्रं दिसत नाहीत अशी बारीकसारीक दुखणी त्यातून उगवतात आणि त्यांचं मूळ महिनाभराने कुणाला आठवत नाही.

आणि यादी खरं बोलत असली तरी नाव फसवू शकतं. उबंटू २२.०४ पासून 'ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स' केल्यावर येणारं डेब पॅकेज पोकळ असतं. ते आतून स्नॅप, म्हणजे उबंटूचं वेगळ्या प्रकारचं पॅकेज, बसवतं. 'ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स' करून आवृत्ती पाहा: सुरुवात '१:१स्नॅप१' अशी. विसर्गचिन्हाआधीचा १ म्हणजे 'इपॉक'. इपॉक मोठा असलेली आवृत्ती नेहमी नवी धरली जाते, पुढचे आकडे काहीही असोत. म्हणून मोझिलाची स्वतःची रिपॉझिटरी जोडूनही ॲप्ट ते पोकळ पॅकेजच निवडतं. उपाय प्राधान्याचा आहे, त्याकडे पुढे येऊच.

मधेच विचारला जाणारा प्रश्न

अपग्रेड अर्ध्यावर थांबतो आणि पडद्यावर '(वाय/आय/एन/ओ/डी/झेड) [डिफॉल्ट=एन]' असं काही येतं. हा डीपीकेजीचा प्रश्न. उदाहरणार्थ /ईटीसी/एनजिनएक्स/एनजिनएक्स.कॉन्फ तुम्ही बदलली आहे आणि पॅकेजसोबतही तिची नवी प्रत आली आहे. कोणती ठेवू?

आधी 'डी' दाबा. दोन्हींतला फरक दिसेल, 'क्यू' ने बाहेर या, प्रश्न तसाच उभा असतो. फरक फक्त तुमच्या बदलांचा असेल तर 'एन'. तुमची फाइल राहते आणि नवी प्रत शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' नावाने ठेवली जाते. 'वाय' दाबलं तर नवी बसते आणि तुमची '.डीपीकेजी-ओल्ड' होऊन राहते, म्हणजे काहीच कायमचं जात नाही. सगळ्या अपग्रेडना 'वाय' म्हणायची बोटांना सवय असते आणि नेमका इथे 'वाय'चा अर्थ उलटा आहे. दूरच्या सर्व्हरवर फायरवॉल किंवा नेटवर्कची फाइल अशी बदलली की पुढचा प्रश्न 'लॉगिन का होत नाही' हा असतो. त्यातल्या त्यात बरं, की नुसतं एंटर दाबणाऱ्याची फाइल सुरक्षित राहते.

मोठ्या आवृत्तीबदलानंतर /ईटीसी मध्ये '.डीपीकेजी-डिस्ट' आणि '.डीपीकेजी-ओल्ड' शेपटीच्या फाइली 'फाइंड' ने शोधून एकदा बघून घ्याव्यात. नव्या प्रतीत एखादा जुना पर्याय रद्द झालेला असतो आणि तुमची जुनी फाइल तो अजून धरून बसलेली असते.

कुलूप

'कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटेंड' ही चूक पाहिली नाही असा उबंटूवाला विरळा. मशीन सुरू झाल्यावर थोड्या वेळाने अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरक्षेचे अपडेट बसवत असतं आणि तेवढ्यात तुम्ही इन्स्टॉल मागता. संदेशात प्रक्रियेचा क्रमांक आणि नाव दोन्ही असतात. नाव 'अनअटेंडेड-अपग्र' असं मध्येच तुटलेलं दिसेल. थांबा. नवं ॲप्ट आपणच थांबतं आणि किती सेकंद झाले ते मोजून दाखवतं.

इंटरनेटवरचा लोकप्रिय सल्ला म्हणजे लॉकची फाइल 'आरएम' ने उडवा. हा सल्ला घातक आहे. कुलूप म्हणजे ती फाइल नव्हे. कर्नलने त्या फाइलवर एका प्रक्रियेला दिलेला हक्क म्हणजे कुलूप. फाइल उडवली तरी आधीची प्रक्रिया चालूच राहते. तुमचं ॲप्ट त्याच नावाची नवी फाइल तयार करून तिच्यावर स्वतःचं कुलूप लावतं, आणि दोघं मिळून एकाच /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस मध्ये लिहू लागतात. सगळ्या बसवलेल्या पॅकेजांची नोंद त्या एकाच फाइलीत असते. ती बिघडलीच तर शेजारची 'स्टेटस-ओल्ड' आणि /व्हार/बॅकअप्स मधल्या 'डीपीकेजी.स्टेटस' ने सुरू होणाऱ्या प्रती बघा. जुनी प्रत ठेवली तर मधल्या काळात बसवलेली पॅकेजं नोंदीत नसतील, ती पुन्हा बसवावी लागतील.

वीज गेली किंवा टर्मिनल बंद पडलं तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने. एसएसएचवरून मोठा अपग्रेड करायचा तर आधी 'टीमक्स' किंवा 'स्क्रीन' चालू करा. जोडणी तुटली तरी काम चालू राहतं, आणि वरच्या प्रश्नांना उत्तरही देता येतं.

काढणं आणि उरलेलं

'रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, /ईटीसी मधल्या सेटिंग ठेवतं. 'पर्ज' त्याही काढतं. होम फोल्डरमधल्या तुमच्या फाइलींना दोन्हींपैकी कुणी हात लावत नाही. 'डीपीकेजी -एल' (लहान एल) च्या यादीत पुढे 'आरसी' असलेली पॅकेजं म्हणजे निघालेली पण सेटिंग मागे ठेवलेली. 'आयआय' म्हणजे नीट बसलेली. ॲप्ट २.० पासून 'सुडो ॲप्ट पर्ज' पुढे अवतरणांत '~सी' लिहिलं की सगळे 'आरसी' अवशेष एका दमात जातात. डेटाबेस सर्व्हरच्या बाबतीत मात्र सावध राहा, पर्ज करताना काही पॅकेजं डेटाही काढू का म्हणून विचारतात.

'ऑटोरिमूव्ह' उपयोगी आहे आणि आंधळेपणाने वापरलं तर धोक्याचंही. ॲप्ट प्रत्येक पॅकेजवर खूण ठेवतं: हे तुम्ही मागितलं, की कुणासाठी तरी आलं. दुसऱ्या प्रकारातल्याचा आधार संपला की ते ऑटोरिमूव्हच्या यादीत येतं. गोची अशी की मेटापॅकेज नावाचं रिकामं पॅकेज बऱ्याच प्रोग्रामना एकत्र बांधून ठेवतं. त्यातला एखादा नको म्हणून काढला की मेटापॅकेजही निघतं, आणि मग बाकीचे पन्नास अनाथ ठरू शकतात. यादी मोठी दिसली की थांबा, हवी असलेली पॅकेजं 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल' ने आपली म्हणून नोंदवा, मग पुन्हा चालवा. जुने कर्नल काढायला मात्र ऑटोरिमूव्हसारखं दुसरं काही नाही. चालू आणि सर्वात नवा कर्नल ते राखून ठेवतं. /बूट मधल्या फाइली हाताने उडवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

बाहेरच्या रिपॉझिटरी

मूळ रिपॉझिटरीतली पॅकेजं एकमेकांशी जुळवून तपासलेली असतात. डेबियन १३ मध्ये ती जवळपास ७० हजार आहेत. बाहेरची रिपॉझिटरी जोडली की ती हमी संपते, आणि ॲप्टच्या बाबतीत होणारा बहुतेक त्रास याच दारातून येतो.

जुन्या लेखांत 'ॲप्ट-की ॲड' सापडेल. ते करू नका. त्याने जोडलेली किल्ली सगळ्या रिपॉझिटरींसाठी चालते, म्हणजे एका चॅट प्रोग्रामच्या किल्लीने तुमच्या कर्नलच्या पॅकेजवरही सही करता येते. डेबियन १३ मध्ये तर ही कमांड उरलेलीच नाही. आताची पद्धत: किल्लीची फाइल /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवा आणि रिपॉझिटरीच्या नोंदीत 'साइन्ड-बाय' म्हणून तिचा पूर्ण पत्ता लिहा. इथे दोन ठिकाणी ठेच लागते. वाचता येणारी, म्हणजे 'बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक' ने सुरू होणारी किल्ली असेल तर फाइलचं शेपूट '.एएससी' हवं, बायनरी असेल तर '.जीपीजी', अदलाबदल झाली की किल्ली असूनही सही पटत नाही. आणि फाइलची परवानगी ६४४ हवी. कडक उमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारं सेटिंग) असलेल्या सर्व्हरवर ती ६०० होते, '_ॲप्ट' युजरला वाचता येत नाही, आणि 'नो_पबकी' अशी दिशाभूल करणारी चूक दिसते.

नोंद लिहिण्याचं जुनं एका ओळीचं '.लिस्ट' स्वरूप अजून चालतं, पण उबंटू २४.०४ मूळ नोंदही '.सोर्सेस' स्वरूपात देतं: 'टाइप्स', 'यूआरआयज', 'सुइट्स', 'कंपोनंट्स', 'साइन्ड-बाय', प्रत्येक वेगळ्या ओळीवर. नव्या स्वरूपात लिहिलेलं वाचायला सोपं आणि चुकायला अवघड. ३.० मध्ये 'ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस' जुन्या नोंदी बदलून देतं.

प्राधान्य समजून घेतलं की उरलेली कोडी सुटतात. 'ॲप्ट पॉलिसी' पुढे पॅकेजचं नाव लिहा. प्रत्येक आवृत्तीपुढे आकडा दिसतो: साध्या रिपॉझिटरीला ५००, बॅकपोर्ट्सना १००, डेबियनच्या एक्सपेरिमेंटलला १, आणि बसवलेल्या आवृत्तीच्या स्वतःच्या वाट्याला १००. आकडा मोठा तो जिंकतो, बरोबरी असेल तर आवृत्ती मोठी ती. ऋण आकडा म्हणजे कधीच नको. १००० किंवा जास्त म्हणजे मागची आवृत्ती असली तरी हीच हवी. फायरफॉक्सच्या इपॉकवर उतारा हाच: /ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी मध्ये तीन ओळींची फाइल करून मोझिलाच्या पत्त्याला १००० द्यायचे. तसंच एखाद्या बाहेरच्या रिपॉझिटरीतून फक्त एकच पॅकेज हवं असेल तर त्या अख्ख्या पत्त्याला १ आणि त्या एका पॅकेजला ५००. हे दोन मिनिटांचं काम न केल्यामुळे बाहेरच्या रिपॉझिटरीतली एखादी नवी लायब्ररी मूळ लायब्ररीवर चढून बसते आणि पुढच्या मोठ्या अपग्रेडला 'अनमेट डिपेंडन्सीज'चा ढीग पडतो.

सही तपासली जाते म्हणून एचटीटीपी पुरेसं आहे, असा युक्तिवाद बरीच वर्षं होता. जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टच्याच एचटीटीपी रीडायरेक्ट हाताळण्यात त्रुटी सापडली (सीव्हीई-२०१९-३४६२): वाटेत बसलेल्याला खोटा हॅश पुढे करून स्वतःचं पॅकेज खपवता येत होतं. ती लगेच दुरुस्त झाली. मिरर (रिपॉझिटरीची प्रत देणारा सर्व्हर) एचटीटीपीएस देत असेल तर तेच लिहावं.

चुकांचे संदेश

इथे गुण कापावे लागतात. 'यू हॅव्ह हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' म्हणताना अनेकदा काहीही धरून ठेवलेलं नसतं. दोन रिपॉझिटरींची भांडणं लागलेली असतात. ३.० चा नवा सॉल्व्हर (डिपेंडन्सी जुळवणारा भाग) कारणांची साखळी दाखवतो, जुन्यांत स्वतः 'ॲप्ट पॉलिसी' करत एकेक डिपेंडन्सी उकलावी लागते. 'नॉट व्हॅलिड येट' म्हणजे मशीनचं घड्याळ मागे आहे. सर्व्हरला दोष देण्याआधी तारीख बघा. '४०४ नॉट फाउंड' म्हणजे सूच्या शिळ्या, 'अपडेट' करा. तरीही आलं तर ती आवृत्तीच मुदतबाह्य होऊन जुन्या संग्रहाच्या पत्त्यावर गेली असेल. 'हॅश सम मिसमॅच' बहुधा मधल्या प्रॉक्सीने जुनी प्रत दिल्याने येतं. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स रिकामं करून पुन्हा अपडेट. 'एक्सटर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' ही चूक ॲप्टची नाही, पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपची आहे. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट लिहू दिलं जात नाही, आणि ते बरंच आहे. व्हेनव्ह (पायथनचं वेगळं वातावरण) करा, किंवा 'पायथन३-' ने सुरू होणारं डेब पॅकेज शोधा. '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हे नावच पुरेसं बोलकं आहे.

वेग आणि परतीची वाट

आर्च लिनक्सचा पॅकमन ६.० पासून आणि फेडोराचा डीएनएफ कधीपासूनच एकाच वेळी अनेक फाइली उतरवतात. ॲप्ट एका सर्व्हरशी एकच जोडणी ठेवून एकामागून एक. डीपीकेजी तर प्रत्येक फाइल डिस्कवर पक्की लिहिली गेल्याची खात्री करत जातं, म्हणून फिरत्या डिस्कवर बसवणं रेंगाळतं. वीज जाण्याच्या दृष्टीने ही सावधगिरी रास्त आहे, टाकाऊ कंटेनरमध्ये निव्वळ वेळखाऊ. तिथे 'ईटमायडेटा' लावता येतं.

उलटवण्याची गोष्ट जास्त खुपते. डीएनएफमध्ये 'हिस्टरी अनडू' आहे. ॲप्टच्या वर सांगितलेल्या तिन्ही आवृत्त्यांत /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग वाचून हातानेच उलटवायचं. नोंद चांगली असते: वेळ, दिलेली कमांड, आलेली, बदललेली, गेलेली पॅकेजं. जुनी आवृत्ती 'ॲप्ट इन्स्टॉल नाव=आवृत्ती' असं लिहून मागता येते, पण ती रिपॉझिटरीत उरलेली असेल तरच. शिवाय 'ॲप्ट' ही कमांड बसवून झाल्यावर उतरवलेल्या डेब फाइली पुसून टाकते; 'ॲप्ट-गेट' त्या /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्हज मध्ये ठेवतं. महत्त्वाच्या मशीनवर ॲप्टच्या सेटिंगमध्ये 'कीप-डाउनलोडेड-पॅकेजेस' चालू करून ठेवा. जागा जाते, पण अपग्रेडनंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसला नाही तर कालचा हाताशी असतो. मागे गेल्यावर 'सुडो ॲप्ट-मार्क होल्ड' विसरू नका, नाहीतर रात्री अनअटेंडेड-अपग्रेड्स त्याला पुन्हा पुढे नेईल.

स्क्रिप्टमध्ये 'ॲप्ट' नको, 'ॲप्ट-गेट' घ्या. २०१४ मध्ये आलेली ही छोटी कमांड माणसांसाठी आहे, तिचं रूप बदलत राहतं, आणि पाइपमध्ये वापरली की तसा इशारा ती स्वतःच देते. स्क्रिप्टमध्ये 'डेबियन_फ्रंटेंड=नॉनइंटरॅक्टिव्ह' (हे नाव मोठ्या अक्षरांत, त्यापुढचा शब्द लहान) आणि डीपीकेजीसाठी 'फोर्स-कॉन्फडेफ' व 'फोर्स-कॉन्फओल्ड' हे दोन्ही द्या. पहिलं व्हेरिएबल सुडोआधी लिहिलं तर सुडो ते गाळू शकतं, म्हणून ते सुडोनंतर लिहायचं. एवढं केलं नाही तर रात्री तीन वाजता चालणारी स्क्रिप्ट त्या 'वाय/आय/एन/ओ' प्रश्नापाशी सकाळपर्यंत उत्तराची वाट बघत उभी असते, कुलूप हातात धरून.